मामंजींची विहिरीपर्यंतची वाट

आमच्या सासरच्या घरात कुणी पडत नसे. म्हणजे पडत सगळेच, पण "पडलो" असं म्हणायची रीत नव्हती. "बसलो" म्हणायचं. सासूबाई वाडीतल्या वाटेवर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तरी चार महिने अंथरुणातून आल्यागेल्याला हेच सांगत राहिल्या, "जराशी बसले हो मी, तेव्हापासून उठता येत नाही." चार महिन्यांनी त्या गेल्या. पडलो तरी नाक वर ही म्हण कुणी काढली ठाऊक नाही, पण तो माणूस एकदा आमच्या ओटीवर येऊन गेला असावा.

मी मुळात तोंडाळ. माहेरी मला सगळे फटकळ म्हणायचे. सासरी आले आणि त्या तोंडावर पदर आला. मामंजींशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, बोलायचं ते दाराआडून, आणि तेही तिसऱ्याच कुणाला सांगितल्यासारखं. "पान वाढलंय म्हणावं." तिसरं माणूस घरात नसलं तरी "म्हणावं" हे म्हणायचंच. सासूबाई गेल्यावर घरात खरोखरच तिसरं माणूस उरलं नाही. हे मुंबईला एका पेढीवर कारकून, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरी मामंजी, मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. तिला अजून धड बोलता येत नव्हतं, पण आमच्या दोघांचे निरोप तिच्या डोक्यावरून रोज इकडून तिकडे जायचे.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची ही गोष्ट. आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, आणि घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पुढे घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या टोकाला विहीर. मागल्या दारापासून विहिरीपर्यंत शंभरेक पावलांची वाट, दोन्ही बाजूंना पोफळींच्या रांगा. मधे शिंपण्याच्या पाण्याचा पाट आडवा जायचा आणि त्याच्यावर एक काळी धोंड टाकलेली होती, पलीकडे जायला. मामंजी सत्तरी ओलांडलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पायात खडावा. रोज पहाटे विहिरीवर अंघोळ, तिथल्या जागेवाल्याच्या, म्हणजे वाडीच्या राखणदाराच्या, दगडाला फूल, मग वाडीभर फेरी. कुठल्या पोफळीला गेल्या साली किती शिपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, धरली होती हे ते नुसता बुंधा चाचपून सांगायचे. माणसांची नावं ते विसरायचे, झाडं कधी विसरले नाहीत.

त्या धोंडेला गावात लौकिक होता. ती जागा "धरते", असं सगळे म्हणत. मी लग्न होऊन येण्याआधी आमचे चुलत सासरे तिथे पडले होते. तेव्हापासून जागेवाल्याचा कोप शांत राहावा म्हणून दर अमावास्येला त्या धोंडेवर नारळ फोडायचा, पाणी तिच्यावर वाहू द्यायचं. पुढे सासूबाई तिथेच पडल्या. मग नारळाच्या पाण्याबरोबर दूध-साखरही सुरू झाली. आणि नैवेद्याच्या जागेला खराटा लावायचा नाही हे ओघाने आलंच. सासूबाईंच्या मागे हे काम माझ्याकडे आलं. मी ते मनोभावे करायची, कारण सासूबाई मला आवडायच्या आणि मामंजींना काही होऊ नये असं मला मनापासून वाटायचं.

आषाढ लागला होता. आमचा गडी स्वतःच्या शेतावर लावणीला गेला होता. मी मागल्या दारी तांदूळ धूत होते. पहाटेच्या भुरभुरीत मामंजी विहिरीकडून परत येत होते. खडावांचा आवाज रोजच्यासारखा येत होता, मग तो थांबला, आणि धप्प असं काहीतरी वाजलं. मी धावत गेले. मामंजी पाटात कमरेपर्यंत पाण्यात, एक खडाव धोंडेवर आडवी, दुसरी कुठे गेली पत्ता नाही.

मला पाहिल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, घरात जा. मी बसलोय."

मी तीन हातांवर थबकले. आमच्यात सुनेने सासऱ्याला शिवायचं नसे. त्यांच्या ताटालाही त्यांच्यासमोर हात लावायचा नाही, मग अंगाला कुठला लावणार? समोर एक म्हातारा माणूस गार पाण्यात थरथरतोय, वर ओढायला माझे दोन धडधाकट हात आहेत, आणि मी पदर सावरत उभी. आज सांगतानाही मला त्या उभ्या राहिलेल्या मुलीचा राग येतो. दोनदा त्यांनी उठायचा प्रयत्न केला, दोनदा हात निसटला. हाक मारायला आसपास कुणी नव्हतं, सारा गाव चिखलात रोपं लावत होता.

मग मला पोहऱ्याचा दोर आठवला. धावत विहिरीवर गेले, पोहरा सोडवून दोर आणला, पाटाजवळच्या पोफळीला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि दुसरं टोक मामंजींच्या पुढे टाकलं. त्यांनी ते उजव्या हाताला गुंडाळलं, पोफळीकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि ओढत ओढत उभे राहिले. नंतर एकेक पोफळ धरत घरापर्यंत आले. मी सहा हात मागे. ओटीवर टेकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "दोर सुटायला सोपी गाठ मारली होतीस ना? पोफळीला काचत राहील ती."

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी हाडं बसवायची. लावणीवरून परतल्यावर गडी जाऊन तिला घेऊन आला. तिने मामंजींचा खुबा दाबला, पाय वाकवला, मनगट असं काही पिळलं की मामंजींच्या तोंडून सासूबाईंचं नाव निघालं. "हाड शाबूत हाय," ती म्हणाली. "मनगट मुरगाळलंय. आंबेहळद लावा. दोन दिवस पडून ऱ्हावा, तिसऱ्या दिवशी उठा."

मी चौथीपर्यंत शिकलेले होते. त्याच दिवशी मी यांना पत्र घातलं आणि मामंजींनी ते कळल्यावर दोन वेळा माझ्या हातचं जेवण अर्धं ठेवलं. उत्तर आठ दिवसांनी आलं. ते मला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं, दाराआडूनच. यांनी लिहिलं होतं की आईचं झालं तेच आबांचं होऊ द्यायचं नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होतील. पहिल्या बोटीने येतो आणि आबांना मुंबईला घेऊन जातो. वाडी कुणाला तरी खंडाने कसायला देऊ.

मुंबईची खोली मी पाहिली होती. तिसरा मजला, अंधारा जिना, खिडकीतून समोरच्या चाळीच्या वाळत घातलेल्या धोतरांखेरीज काही दिसत नाही. मामंजींनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाले, "तिथे मी खाली कधी उतरणार? खांद्यावरूनच." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

ते निजले ते उठेचनात. कोळणीने सांगितलेले दोन दिवस होऊन गेले, बारा झाले. गाव येऊन सांगत होता, उठू नका, जपा, काचेचं भांडं आहे आता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आमचं झालेलं. मीही बिछान्याशी सगळं नेऊन द्यायला लागले. पाणी तिथे, जेवण तिथे, तस्त तिथे. मला वाटलं मी सेवा करतेय. बाराव्या दिवशी ते उभे राहायला गेले तर त्यांचे गुडघे लटपटत होते आणि मांड्यांवरचं मांस उतरलेलं दिसत होतं.

कोळीण मनगट बघायला परत आली. तिने मामंजींना बिछान्यात पाहिलं आणि सरळ माझ्यावर घसरली. "काय गो, यांना का मारतंस?" मला रडूच आलं. मग ती मामंजींकडे वळली. तिच्या घरात दोन होड्या होत्या, आणि ती होडीखेरीज दुसऱ्या कशाचा दाखला देत नसे. "आबा, होडी पान्यात ऱ्हाते तवर फळ्या फुगून घट्ट बसतात. वाळूवर ओढून ठेवली का फळ्या सुकतात, फटी पडतात, मंग पान्यात घातली का बुडते. तुमी वाळूवर चढून बसलाव."

"पुन्हा पडलो तर?" मामंजींनी विचारलं. त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"पडाल. त्याला काय. पडल्यावर उठायचं कसं, ते ठाव हाय का?"

ठाऊक नव्हतं. कुणालाच नसतं. तिने लुगड्याचा काष्टा खोचला आणि साठीची ती बाई आमच्या ओटीवर खुशाल आडवी झाली. आधी कुशीवर वळायचं. मग कोपर टेकायचं. मग दोन्ही गुडघ्यांवर, रांगणाऱ्या पोरासारखं. रांगत काहीतरी भक्कम धरण्यासारखं असेल तिथे जायचं, एक पाय पुढे रोवायचा, मग उठायचं. आणि आधी जरा तसंच पडून राहायचं, कुठे दुखतंय ते बघायचं, घाईने धडपडायचं नाही. तिने तीनदा करून दाखवलं. माझी मुलगी टाळ्या वाजवून तिच्या शेजारी लोळायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ओटीचं दार आतून बंद व्हायला लागलं. मी माजघरातून आवाज ऐकायची. घोंगडीवर कुणी आडवं होतंय, मग कोपर टेकल्याचा आवाज, मग गुडघे, मग खांबाला धरल्यावर येणारा लांब सुस्कारा. पहिल्या दिवशी एकदा. आठवड्याने पाच वेळा. त्यानंतर पाटावर बसून हात न टेकता उठायचं. सत्तरीचे मामंजी दार लावून पडायचा सराव करत होते, आणि गावात कुणाला सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणून अंगारा आणला असता. मी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायला लागला होता.

मधेच आषाढी अमावास्या आली. गड्याने नेहमीप्रमाणे नारळ सोलून दिला. मी दूध-साखरेची वाटी घेऊन धोंडेशी गेले, नारळ आपटायला वाकले आणि तशीच राहिले. इतकी वर्षं मी तिथे देवाकडे बघून वाकत होते, धोंडेकडे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कडेला सगळी धोंड खरखरीत, काळी. मधे ताटाएवढी जागा हिरवीगार, जाड, तुळतुळीत, जिथे माझा नारळ दर महिन्याला फुटायचा बरोबर तिथे. आणि त्या हिरव्यातून एक लांब ओरखडा गेलेला, मामंजींच्या खडावेचा.

मी वाटी बाजूला ठेवली. पावसाळ्यात नुसत्या पाण्याने शेवाळ येतं, इथे तर आम्ही त्याला नारळाचं पाणी आणि दूध-साखर घालून पोसत होतो. खराटा लावायचा नाही, म्हणजे कुणी मोडायलाही नको. चुलत सासरे पडले, तेव्हा तिथे काय होतं देव जाणे. पण सासूबाई त्यांच्या नावाच्या नैवेद्यावरून घसरल्या, आणि मामंजी सासूबाईंच्या नैवेद्यावरून. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. आमच्याकडे पुढच्याला ठेच लागली की मागचा तिथे जाऊन नारळ फोडायचा.

मी नारळ तसाच परत आणला. गडी घाबरला. "वयनी, अवस चुकवू नका. जागा धरंल."

"जागा नाही धरत. मी घसरवते," मी म्हटलं. "खराटा आण."

"न्हाय. मी न्हाय हात लावनार. आन् तुमीपन लावू नका. सासूबाय गेल्या ना तुमच्या?"

तो वाईट माणूस नव्हता. सासूबाईंना खांदा देताना सगळ्यात जास्त तोच रडला होता. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. मी ओटीच्या दाराशी गेले आणि त्या दिवशी "म्हणावं" विसरले. सरळ मामंजींना सांगितलं, धोंडेवर काय आहे ते, आणि कुणी ओतलंय ते. "सासूबाईंच्या मागे तीन वर्षं मी ते शेवाळ वाढवलं," मी म्हटलं.

मामंजी खांबाला धरून उभे होते. मी थेट बोलले याचा त्यांना राग आला असणार, पण तो दिसला नाही. ते म्हणाले, "तीन वर्षं तू. त्याच्या आधी ती. आणि नारळ फोडायला सांगणारा मी." मग गड्याला हाक मारून म्हणाले, "मला धोंडेपर्यंत घेऊन चल. गाऱ्हाणं घालायचं आहे."

पाऊस थांबलेला होता. गड्याच्या खांद्यावर हात ठेवून ते वाटेवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात जागेवाल्याला सांगायला लागले. "बा जागेवाल्या महाराजा. तुझा मान आम्ही येण्याजाण्याच्या वाटेवर मांडला, ही आमची चूक. मानाच्या जागेवर पाय पडतो, म्हणून आम्ही पडतो. आजपासून तुझा नारळ विहिरीच्या माडाच्या बुंध्याशी. एक जास्तीचा देईन. एवढी वाट मला मोकळी दे रे महाराजा."

"व्हय महाराजा," गडी म्हणाला. म्हणावंच लागतं, गाऱ्हाण्याला. आणि एकदा "व्हय" म्हटल्यावर त्याचा इलाज खुंटला. तो स्वतः खराटा घेऊन आला.

नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याळ सालाने, आणि राखेने आम्ही ती धोंड घासली. वर शिंपल्यांचा चुना ओतला, रात्रभर ठेवला, परत घासली. मग खाडीवरची जाडी वाळू आणून दोन्ही बाजूंना पसरली. चुना उरला होता, म्हणून मी धोंडेच्या काठाला आणि मागल्या दाराच्या पायऱ्यांना पांढरे पट्टे ओढले. मामंजी पायरीवर उभे राहून खाली बघत म्हणाले, "ही पायरी इथे संपते होय?" मोतीबिंदूमुळे त्यांना पायऱ्यांचे काठ दिसतच नव्हते. इतकी वर्षं ते अंदाजाने उतरत होते आणि आम्हाला वाटायचं, त्यांना दिसतंय.

दोराची कल्पना माझी, पण गाठी मामंजींच्या. मागल्या दारापासून विहिरीपर्यंत, पोफळीवरून पोफळीवर, कमरेच्या उंचीला काथ्याचा जाड दोर. माझ्या गाठींनी झाडं काचतील म्हणून प्रत्येक बुंध्याला आधी सोप, म्हणजे पोफळीच्या झावळीचं रुंद देठ, गुंडाळायचं, मग दोर, आणि गाठ अशी की वाढत्या झाडाबरोबर ढिली करता यावी. ते सांगायचे, मी बांधायची. गडी हसायचा. "वयनी, म्हशींचा गोठा केलाव वाडीचा." खडावा मामंजींनी आपण होऊन फळीवर ठेवून दिल्या. ते सगळ्यात जड गेलं त्यांना, अनवाणी कुणबी दिसतो म्हणायचे.

पहिल्या दिवशी ते चौथ्या पोफळीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सहाव्या. त्यानंतर धोंड आली आणि तिथून ते तीन दिवस परत फिरले. पाय सरकतील म्हणून नव्हे, आता तिथे खरवडूनही शेवाळ सापडलं नसतं. मनात भीती बसली होती. चौथ्या दिवशी त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि ओलांडली. पलीकडे उभे राहून त्यांनी पहिल्या पोफळीचा बुंधा चाचपला आणि तिचा हिशेब मोठ्याने सांगायला लागले. मी मागल्या दारात बसून रडले, आणि रडता रडता भातही करपवला.

श्रावण अर्धा होत आला. बोटींना पाच दिवस उरले होते. मामंजी दोराला हात नुसता लावून विहिरीवर जाऊन येत होते, अंघोळ करत होते, फूल वाहत होते. मी मनातल्या मनात यांना सांगायची वाक्यं जुळवत होते. त्याच दिवशी दुपारी ते वाडीतून आत आले आणि माजघराच्या उंबऱ्याला अंगठा अडकून कोसळले. बाहेर लख्ख ऊन, माजघरात चुलीचा धूर आणि अंधार. घरात कोण पडतंय, म्हणून त्या उंबऱ्याचा विचार आम्ही कुणी केलाच नव्हता.

मी चुलीपासून उठले. ते पडल्या पडल्या म्हणाले, "थांब." आणि काही वेळ तसेच राहिले, कुठे दुखतंय ते बघत. मग कुशीवर वळले. कोपर. गुडघे. आता धरायला काहीतरी हवं होतं आणि माजघराच्या मधोमध ना खांब ना भिंत. त्यांनी मान वर केली.

"हात," ते म्हणाले.

मी दिला. नुसता हात नाही, खाली बसून त्यांच्या काखेत खांदा दिला. माझा पदर कधीच खाली आला होता. ते एक पाय रोवून उठले, आणि उठल्यावरही त्यांनी हात लगेच सोडला नाही. त्यांचा तळवा खडबडीत आणि गरम होता. दहा वर्षं एका घरात राहून मला तो तेव्हा कळला.

गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. मी हळद लावायला वाटी त्यांच्यापुढे ठेवली. ते हळूच म्हणाले, "याचं पत्र घालणार आहेस?"

"नाही," मी म्हटलं. "मी काही बघितलं नाही." आणि खरंच माझं ठरलं होतं. वेळ पडली तर यांच्या तोंडावर खोटं बोलेन, पण मामंजींना त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊ देणार नाही.

पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला गेला आणि तिसऱ्या दिवशी हे आले. रेवसला बोटीने उतरून, अलिबागवरून बैलगाडीने. येतानाच मामंजींसाठी मुंबईहून नवी वळकटी आणली होती, ती त्यांनी कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी त्यांना काही न सांगता मागलं दार उघडलं. पायऱ्या, दोर, पोफळी, धोंड, विहीर. अंघोळ करून, फूल वाहून, परत. हे मागल्या दारात उभे होते, चहाचा पेला हातातच गार झाला होता.

दुपारी जेवताना यांनी विषय काढला. "आबा, तुम्ही चालताय हे मी पाहिलं. बरं वाटलं. पण मी तिकडे काळजीत असतो. आषाढानंतर पुन्हा पडला नाहीत ना?" आणि उत्तरासाठी बघितलं माझ्याकडे, कारण मामंजी काय सांगणार हे त्यांना माहीत होतं. तेही त्याच घरात वाढलेले.

मी वाढत होते. भाताचं पातेलं हातात होतं. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि मामंजींचा आवाज आला.

"पडलो. आठ दिवस झाले. इथेच, माजघरात. मीच उठलो, शेवटी हिने हात दिला." मग म्हणाले, "तिला विचारू नकोस. ती माझ्यासाठी खोटं बोलेल, आणि तू तिला बोल लावशील."

सुनेने सासऱ्याला हात दिला हे पुरुषांनी पानावर बसून सांगायची गोष्ट नव्हती. मला वाटलं, संपलं. वळकटी कोपऱ्यात उभी होती. मामंजी शांतपणे भात कालवत होते. जायचं तर खरं सांगून जायचं, असं त्यांनी ठरवलं असावं.

यांनी ताटातला हात तसाच ठेवून विचारलं, "इथे म्हणजे नेमकं कुठे?"

त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. कुणाची दृष्ट लागली, कुठली अवस होती, जागेवाल्याचं काय राहिलं, हे सगळं विचारलं जायचं. मामंजींनी उंबऱ्याकडे बोट केलं. हे जेवण अर्धं टाकून उठले, उष्ट्या हाताने उंबऱ्याशी उकिडवे बसले, आणि डाव्या हाताच्या वितीने त्याची उंची मोजली. मग बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले आणि मामंजींसारखे एकदम आत आले. दोनदा आत आले. दुसऱ्या खेपेला त्यांचाही अंगठा अडकला.

"आबा, हा कापला तर चालेल? पुढल्या दाराचा नाही, लक्ष्मीचा तो राहू दे. हा."

"तुझ्या आजोबांनी बसवलाय तो," मामंजी म्हणाले. "फणसाचा आहे. करवतीला धार लावून घे आधी."

तो उंबरा कापायला यांना अख्खी दुपार लागली. कारकुनी हात ते, तळव्यांना फोड आले. मामंजी शेजारी पाटावर बसून चुकतंय कुठे ते सांगत होते. मी दिवा धरला, आणि मग उरलेल्या चुन्याने जमिनीवर पट्टा ओढला. वळकटी मी उचलून माळ्यावर टाकली, कुणी टाक म्हटलं नव्हतं. दोन दिवसांनी रेवसची बोट यांनी एकट्यानेच धरली.